परदेशात किती बट्टा जातो? सहलीतलं कार्ड आणि रोख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर-नांदेडकडची माणसं आता बँकॉक-दुबईला जातात, बीड-परभणीहून उमराला निघतात, संभाजीनगरहून लुंबिनीची गाडी भरते. माझं आयुष्य बँकेच्या काउंटरवर गेल्यामुळं लग्नाच्या पंगतीतसुद्धा शेजारचा माणूस वरणावर तूप घेता घेता विचारतो, "भाऊ, कार्ड न्यावं का कॅश?" तेच तेच प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथं एकदाची लिहून काढली आहेत.

पैसे नेमके कुठं कापले जातात?

आपल्या भागाला हा प्रश्न नवा नाही. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि इथं चालायचा निजामाचा हाली रुपया. आमचे आजोबा लातूरहून बार्शीच्या बाजाराला जायचे. बार्शी इंग्रजी मुलखात, म्हणजे तिथं कलदार, इंग्रजांचा रुपया, लागायचा. साधारण सात हालीला सहा कलदार असा हिशोब. वर सराफ आपला बट्टा, म्हणजे नाणं बदलून द्यायचा मोबदला, कापून घ्यायचा, तो वेगळाच. घरी आल्यावर आजी आधी विचारायची ते मालाला भाव काय मिळाला हे नव्हे, बट्टा किती गेला हे.

आज सराफाच्या जागी बँक, कार्ड कंपनी आणि एटीएम आलं. बट्टा तीन ठिकाणी जातो. पहिला भावात: गुगलवर दिसणारा भाव आणि तुम्हाला लावलेला भाव यातला फरक. "झिरो कमिशन" अशी पाटी असते तिथं तो हमखास भावात दडवलेला असतो. दुसरा फीमध्ये: बऱ्याच भारतीय कार्डांवर परदेशी खर्चाला ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे रकमेवर चढवलेली फी, लागतो. तिसरा त्या फीवरच्या १८ टक्के जीएसटीत. साडेतीनावर जीएसटी धरला की ४.१३ टक्के होतात. लाखाच्या खरेदीला ४,१३० रुपये गेले, आणि स्टेटमेंटमध्ये ते बारीक अक्षरात खाली असतात म्हणून कुणाला दिसत नाहीत.

खाली जे काही लिहिलंय ते सगळं हा बट्टा कमी करण्याबद्दलच आहे. तो शून्य होत नाही, पण चाराचा एक नक्की होतो.

माझं रोजचं एटीएम कार्ड तिकडं चालेल का?

कार्ड चालेल, पण तुम्ही चालू केलं तर. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवीन कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी चालू करून देतात. परदेशी वापर तुम्हालाच ॲपमध्ये जाऊन सुरू करावा लागतो: दुकानातला, ऑनलाइन आणि एटीएमचा, तिन्ही वेगवेगळे. निघायच्या आदल्या दिवशी हे करू नका. आठवडाभर आधी करा, म्हणजे अडकलं तर शाखेत जायला वेळ राहतो. त्याच पानावर रोजची मर्यादाही ठरवता येते. ती गरजेपुरतीच ठेवा आणि परत आल्यावर परदेशी वापर बंद करून टाका.

कार्डावर कोणता शिक्का आहे तोही बघा. व्हिसा किंवा मास्टरकार्ड जवळपास सगळीकडं चालतं. रुपेचं जे कार्ड परदेशी वापराचं असतं ते डिस्कव्हर, डायनर्स क्लब आणि जेसीबी यांच्या जाळ्यावर चालतं. म्हणजे काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी दुकानदार मान हलवतो. पगाराच्या किंवा जनधन खात्याचं साधं रुपे कार्ड एकट्याच्या भरवशावर नेऊ नका.

डेबिट, क्रेडिट की फॉरेक्स कार्ड? एकच सांगा.

एकच सांगता येत नाही. एक कार्ड गिळलं गेलं की माणूस परक्या गावात रिकाम्या हाताने उभा राहतो. पण क्रम सांगतो.

पहिला नंबर मार्कअप नसलेल्या कार्डाचा. आता काही बँका असं क्रेडिट किंवा डेबिट कार्ड देतात. त्यावर व्हिसा-मास्टरकार्डचा भाव लागतो आणि तो गुगलच्या भावाच्या अगदी जवळ असतो. सहल दोन महिन्यांवर असेल तर आत्ता अर्ज करा. वार्षिक फी मात्र विचारून घ्या. दोन हजार फी भरून हजाराचा मार्कअप वाचवण्यात काय हशील?

दुसरा नंबर फॉरेक्स कार्डाचा. यात आधीच पैसे भरायचे, भाव त्याच दिवशी ठरतो. मग रुपया घसरो की चढो, तुमचे डॉलर तेवढेच. लोक म्हणतात याला मार्कअप नाही. खरं आहे, पण भरतानाच्या भावात एक-दोन टक्के बसवलेले असतात, ते कुणी मोजत नाही. शिवाय एक खड्डा आहे आणि त्यात मी माणसं पडताना पाहिलीत: कार्डात डॉलर भरले आणि खर्च केला थायलंडच्या बाटमध्ये. कार्डात बाटचं खातंच नव्हतं, मग डॉलरचे बाट करताना पुन्हा साडेतीन टक्क्यांच्या आसपास फी लागली. दोनदा बट्टा. जिथं जायचंय त्या चलनातच भरता येतं का हे आधी विचारा.

साधं डेबिट कार्ड तिसऱ्या नंबरवर, आणि तेही अडीनडीला. त्याच्यामागं तुमचं बचत खातं आहे. नंबर चोरीला गेला तर हात थेट लेकराच्या फीला लागतो. फार तर एक वेगळं खातं उघडून त्यात सहलीपुरते पैसे ठेवा आणि त्याचं कार्ड न्या.

मशीनवर "रुपये की दिरहम" असं विचारतात. रुपये बरे ना? आपल्याला कळतं तरी.

नाही. सगळ्यात जास्त माणसं इथंच फसतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

दुबईत एका मॉलमध्ये माझ्या साडूंनी घड्याळ घेतलं, ६४० दिरहमचं. काउंटरवरच्या मुलाने हसून मशीन पुढं केलं. स्क्रीनवर दोन चौकोन: वर भारतीय रुपयांचा आकडा, खाली दिरहमचा. साडू म्हणाले, "हे बरंय, हिशोब तरी डोळ्यांना दिसतो." आणि वरचा चौकोन दाबला. मी मागं उभा होतो, हात पुढं करेपर्यंत पावती बाहेर आली होती.

हिशोब असा मांडू. समजा बाजारात दिरहमचा भाव २४ रुपये आहे. ६४० दिरहम म्हणजे १५,३६० रुपये. मशीनने स्वतःचा भाव लावून, सहा टक्के वाढवून, १६,२८० दाखवले. दिरहम दाबले असते तर साध्या कार्डावरही ४.१३ टक्के धरून १५,९९४ झाले असते. मार्कअप नसलेल्या कार्डावर १५,३६० च्या जवळपास. आणि गंमत पुढं आहे: बिल रुपयांत झालं तरी दुकान परदेशी असल्यामुळं बऱ्याच भारतीय बँका त्यावर वेगळा एक टक्का आणि जीएसटी लावतात. म्हणजे आणखी १९२ रुपये. साडूंना रुपये ओळखीचे वाटले, एवढंच.

याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. नाव लक्षात ठेवायची गरज नाही. जिथं आहात तिथलं चलन दाबायचं, बस. काही ठिकाणी दुकानदार न विचारता रुपये दाबून मोकळा होतो. सही किंवा पिन देण्याआधी स्क्रीन बघा, रुपये दिसले तर व्यवहार रद्द करायला सांगा. लाजू नका, तो तुमचा हक्क आहे.

एटीएमवरही हेच असतं. तिथं "कन्व्हर्जन स्वीकारा" आणि "नाकारा" असे पर्याय येतात. नाकारलं की पैसे मिळणार नाहीत असं वाटतं आणि माणूस घाबरून स्वीकारतो. नाकारा. पैसे मिळतात, फक्त भाव तुमच्या कार्ड कंपनीचा लागतो.

एटीएममधून काढणं परवडतं का?

थोडे थोडे काढले तर नाही. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर एका वेळेला २२० बाटच्या आसपास फी कापतात, म्हणजे आपले पाचशे-सहाशे रुपये. दोन हजार बाट पाचदा काढले तर ११०० बाट नुसत्या फीत जातात. दहा हजार एकदाच काढले तर २२०. त्यावर आपली बँक दर वेळेला साधारण सव्वाशे-दीडशे रुपये आणि मार्कअप लावते. नुसती शिल्लक बघितली तरी काही बँका पंचवीस रुपये घेतात, तेव्हा उगाच बटणं दाबत बसू नका.

एटीएम बँकेच्या शाखेला लागून असलेलं निवडा आणि ते कामाच्या वेळेत वापरा. कार्ड अडकलं तर आत जाऊन बोलता येतं. बाजारात, बारच्या दारात उभी केलेली एकटी मशिनं टाळा.

क्रेडिट कार्डावर रोख काढली तर?

काढू नका. अडीच टक्क्यांच्या आसपास फी, किमान पाचशे रुपये, आणि व्याज पहिल्या दिवसापासून, महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात. खरेदीला मिळते ती बिनव्याजी मुदत रोखीला नसते.

रोख किती न्यावी आणि कुठून घ्यावी?

बहुतेक देशांना जाताना माणशी एका फेरीला ३,००० डॉलरपर्यंतच्या परकीय नोटा नेता येतात, बाकीचं कार्डावर. सहलीला एवढं लागत नाही म्हणा. चौघांच्या आठवड्याच्या थायलंड सहलीत मी एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी रोख धरतो, कारण टुकटुक, रस्त्यावरचं खाणं, टीप, देवळाचं तिकीट, हे सगळं रोखीचं. स्वीडनला निघाला असाल तर मात्र रोख जवळजवळ नकोच.

लातूर, धाराशिव, हिंगोलीसारख्या ठिकाणी बँकेची प्रत्येक शाखा परकीय चलनाचं काम करत नाही. शाखेत विचारा, नाहीतर रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या व्यापाऱ्याकडून संभाजीनगर, पुणे किंवा हैदराबादहून मागवा. बरेच जण घरपोच देतात. दोन-तीन ठिकाणी फोन करा आणि एकच प्रश्न विचारा: "सगळं धरून, अमुक इतक्या डॉलरला मला किती रुपये द्यावे लागतील?" नुसता भाव विचारला की जीएसटी आणि पोहोच करायचे पैसे नंतर निघतात. चलन बदलण्यावरचा जीएसटी तसा किरकोळ आहे, एक लाखाला १८० रुपये. त्याहून जास्त सांगत असेल तर वेगळी फी कसली ते विचारा.

पासपोर्ट, तिकीट, पॅन लागतं, जिथं व्हिसा लागतो तिथं व्हिसाही. ए-टू नावाचा फॉर्म भरतात. प्रवासाच्या ६० दिवस आधीपासून चलन घेता येतं. रोख रुपये देऊन ५० हजारांपर्यंतच घेता येतं, त्यापुढं खात्यातून द्यावे लागतात. पावती सांभाळून ठेवा, परत येताना आणि उरलेलं विकताना ती लागते.

विमानतळावरच्या काउंटरवरून घेऊ नका. देवगिरीने रात्रभर बसून मुंबईला पोहोचलेला माणूस तिथं घाईत असतो, आणि त्या काउंटरचा भावही तसाच असतो. टॅक्सीपुरते हवे असतील तर तेवढेच घ्या.

आणि ओळखीचा कुणी "माझ्याकडं डॉलर पडलेत, घे" म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणा. ते बेकायदेशीर तर आहेच, आणि नोट खोटी निघाली तर भांडायचं कुणाशी?

डॉलर नेऊन तिथं बदलू, की इथूनच तिथलं चलन घेऊ?

युरो, पाउंड, दिरहम, सिंगापूर डॉलर इथं बऱ्या भावात मिळतात, तेच घ्या. व्हिएतनामचा डोंग किंवा इंडोनेशियाचा रुपिया इथं महाग पडतो. तिकडं जाताना शंभर डॉलरच्या नव्या, कोऱ्या नोटा न्या आणि शहरात बदला. कोऱ्या म्हणजे खरोखर कोऱ्या. आपल्याकडं नोटेवर पेनाने आकडा लिहायची सवय आहे, तिकडं तशी किंवा कोपरा फाटलेली नोट परत करतात. लहान नोटांना भावही कमी देतात. बाट मधला आहे, दोन्हींचा हिशोब करून बघा.

रुपये माणशी २५ हजारांपर्यंत सोबत नेता येतात. पण ते तिकडं बदलायला नाही, परतल्यावर मुंबईत उतरून घरी यायला.

व्हिएतनामच्या नोटांवर इतकी शून्यं असतात, गोंधळ होतो.

होतोच. आमच्या वहिनींनी होई आनमध्ये शहाळं घेतलं. वीस हजार डोंगची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळीच. उन्हात डोळे बारीक करून त्यांनी पाच लाखांची दिली. हॉटेलवर येऊन पाकीट मांडीवर रिकामं केलं तेव्हा कळलं. सत्तरेक रुपयांचं शहाळं सोळा-सतराशेला पडलं. त्या नोटेचं नाव अजून घरात निघतं.

यावर उपाय म्हणजे पाच लाखांच्या आणि दोन लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवायच्या. हिशोबाला शेवटची तीन शून्यं बोटाने झाकायची आणि राहिलेल्या आकड्याला तीन-साडेतीनने गुणायचं. ५० हजार म्हणजे पन्नास गुणिले सव्वातीन, दीडशे-पावणेदोनशे रुपये.

यूपीआय चालतं ना आता बाहेर?

काही देशांत, काही दुकानांत. भूतान, नेपाळ, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, श्रीलंका, मॉरिशस, फ्रान्समध्ये सोय झाली आहे. पॅरिसला आयफेल टॉवरच्या तिकिटाला २०२४ पासून चालतं. पण ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय यूपीआय वेगळं चालू करावं लागतं, आणि इंटरनेटही लागतंच. पैसे देण्याआधी स्क्रीनवर रुपयांत किती जाणार ते दिसतं, तो आकडा बाजारभावाशी ताडून बघा. चहावाल्याकडं करतो तसं डोळे झाकून दाबू नका. थायलंड-व्हिएतनामला यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका.

आम्ही गटाने लुंबिनीला जातोय. नेपाळला काय करावं?

सगळ्यात सोपं. १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी, हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. त्यामुळं भावाची घासाघीस नाही, फक्त कुणी १५५ देत असेल तर ओळखायचं की पाच त्याने खाल्ले. शंभराच्या आणि त्याखालच्या भारतीय नोटा भरपूर न्या. गटातल्या आजीबाईंना समजावून सांगा की पाटीवरचा भाव नेपाळी आहे की भारतीय हे आधी विचारायचं, नाहीतर शंभर नेपाळीची वस्तू १६० नेपाळीला पडते.

अम्मी-अब्बा उमराला जाणार आहेत. त्यांना कार्ड वापरता येत नाही.

सौदीचा रियाल डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.७५, त्यामुळं डॉलर की रियाल यावर फार डोकं लावू नका, इथूनच रियाल द्या. दोघांकडं अर्धे अर्धे द्या, एका पिशवीत नको. फॉरेक्स कार्ड एक तरी द्या, पण त्यात थोडेच पैसे भरा. कमी पडले तर तुम्ही बीडमध्ये बसून त्यात आणखी भरू शकता, कार्डाची खरी सोय ही. पिन लिहिलेली चिठ्ठी कार्डासोबत ठेवू नका असं सांगून उपयोग नसतो, ते ठेवतातच. म्हणून आधी इथल्या एटीएमवर त्यांच्याच हाताने चार वेळा पिन दाबून घ्या. घरच्या कुणाच्या जन्मसालाचा पिन ठेवू नका.

टीसीएस (चलन देतानाच वसूल होणारा कर) म्हणून वीस टक्के कापतात हे खरं का?

सहलीच्या चलनाला सहसा लागत नाही. एका आर्थिक वर्षात माणशी १० लाखांपर्यंत फॉरेक्स घेतलं तर टीसीएस नाही, ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून सातवरून दहा लाख झाली. त्यावरच्या रकमेवर २० टक्के कापतात, पण तो तुमचा आगाऊ कर असतो, विवरणपत्र भरलं की वळता होतो किंवा परत मिळतो. टूर कंपनीच्या पॅकेजचा हिशोब वेगळा, तो कंपनीकडून लेखी घ्या.

हॉटेलात कार्ड घेतलं आणि पैसे अडकले!

ते कापलेले नसतात, अनामत म्हणून रोखून ठेवलेले असतात. सुटायला आठ-पंधरा दिवस लागू शकतात. म्हणून हॉटेल आणि भाड्याच्या गाडीला क्रेडिट कार्ड द्या, डेबिट नको. गाडी भाड्याने देणारे तर बऱ्याचदा डेबिट घेतच नाहीत.

ओटीपी येईल का?

तुमचं भारतीय सिम रोमिंगवर चालू असेल तर येतो, येणारा एसएमएस बहुतेक प्लॅनमध्ये फुकट असतो. मोबाइल डेटा बंद ठेवा, सिम नाही. लक्षात ठेवा, परदेशी वेबसाइटवर कार्ड दिलं तर कित्येकदा ओटीपी विचारतच नाहीत, नंबर आणि मागचे तीन आकडे पुरतात. म्हणून कार्ड नजरेआड जाऊ देऊ नका.

कार्ड हरवलं किंवा कुणी पैसे काढले तर?

ॲपमधून आधी कार्ड बंद करा, मग फोन. १८०० ने सुरू होणारे नंबर परदेशातून बहुधा लागत नाहीत. बँकेचा +९१ ने सुरू होणारा नंबर आधीच कागदावर लिहून घ्या, फोनमध्ये नको, कारण पाकीट आणि फोन बऱ्याचदा सोबतच जातात. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक तुमची किंवा बँकेची नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर नुकसान तुमच्या अंगावर येत नाही. चार ते सात कामाचे दिवस लागले तर काही भाग येतो. स्वतःच पिन सांगितला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं सगळं तुमचं. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. माझ्या ओळखीतल्या एकाला बँकेने "तुम्ही कळवलंच नाही" म्हणून सहा महिने झुलवलं, कारण त्याच्याकडं क्रमांक नव्हता.

दोन कार्डं दोन माणसांकडं ठेवा. नवरा-बायको दोघांची कार्डं एकाच पर्समध्ये, हे आपल्याकडं फार.

उरलेल्या चलनाचं काय करायचं?

२,००० डॉलरच्या किमतीपर्यंतच्या नोटा घरी ठेवता येतात, त्याहून जास्त असेल तर परतल्यापासून १८० दिवसांत विकावं लागतं. विकताना भाव कमीच मिळतो, म्हणून लवकर पुन्हा जाणार असाल तर ठेवून द्या. नाणी इथं कुणी घेत नाही. शेवटच्या दिवशी हॉटेलचं बिल भरताना सगळी चिल्लर आधी द्या आणि उरलेली रक्कम कार्डावर भरा, काउंटरवाला थोडं तोंड वाकडं करतो, पण घेतो.